डब्यात काय होतं

हापावारा, १३ ऑक्टोबर १९९६

एईला,

साडेचार वर्षांनी आईचं पत्र आलं म्हटल्यावर तुला वाटेल, म्हातारीचं काहीतरी दुखत असणार. माझं काही दुखत नाही. रक्तदाब तरण्या पोरीसारखा आहे, रोज सकाळी बायकांना घेऊन पाच किलोमीटर चालते आणि यंदाचे बटाटे एकटीने काढले. तेव्हा माझं राहू दे. मुद्द्याचं बोलते. तू रक्त तपासून घे.

झालं काय, आरोग्यकेंद्रात नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. वयाने तुझ्याहून लहान, पण जुन्या फायली उकरायची भारी हौस. परवा मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचे वडील कितव्या वर्षी गेले?" मी सांगितलं, चव्वेचाळीस. "आणि भाऊ?" ओन्नीकाका एकोणचाळीसचे होते, जंगलात तोडलेल्या ओंडक्यावर टेकले ते उठलेच नाहीत. बाई लिहून घेत होत्या आणि मला मनात हसू येत होतं. या पोरीला काय माहीत, मी लग्न होऊन इथे आले तेव्हा चाळिशीतला पुरुष गेला तर कोणाला नवल वाटत नसे. झाड पडलं की हृदय, एवढंच विचारायचे. बायका दुखवट्याचा काळा रुमाल घडी घालून कपाटात तयार ठेवायच्या.

मग त्यांनी विचारलं, "मिस्टरांचं खाणंपिणं कसं होतं? तुम्ही तर गावाला शिकवत होता." मी जे सगळ्यांना सांगत आलेय तेच सांगितलं. मी दलिया घालायचे आणि ते चोरून लोणी खायचे. बाईंनी तेही लिहिलं. म्हणाल्या, "मग लोण्याचंच असेल. तसं नसतं, तर मी तुमच्या मुलीला ताबडतोब तपासायला सांगितलं असतं. काही घराण्यांत हा दोष रक्तातच असतो, खाण्याने उतरत नाही. अर्ध्या मुलांमध्ये येतो. त्यांना गोळी लागते, आणि गोळी घेतली तर माणूस म्हातारा होतो."

आपलं तसं नाही, पण तू एकेचाळीसची झालीस. तुझी आन्निका सतरा पूर्ण करेल. सहज म्हणून दोघी मायलेकी जाऊन या. सुई टोचायला किती वेळ लागतो?

मीठ कमी खात असशील अशी आशा आहे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असतेस, तरी ते चालणं धरू नकोस, उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. कॉफी उकळू नकोस, कागदातून गाळ. दुधावरची साय मांजराला.

तुझी
आई


हापावारा, १० नोव्हेंबर १९९६

एईला,

पत्र परत आलं. पाकीट उघडलेलंसुद्धा नाही. वर आडवं "परत" लिहिलंय, अक्षर तुझंच, मागे झुकलेलं, शाळेत मास्तर ओरडायचे तसलं. दुकानातल्या टपालखिडकीत सिल्वीने ते माझ्या हातात दिलं आणि दोन्ही बाजूंनी उलटंसुलटं करून पाहिलं. तिला पाकिटं उघडता येत नाहीत म्हणून, नाहीतर सगळ्या गावाची पत्रं तिला तोंडपाठ असती. म्हणाली, "स्वीडनला घर बदललं का गं पोरीने?" मी म्हटलं, हो, बदललं असेल.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवतेस. तेव्हा पत्रच लिहीन. यावेळी पाकिटावर तुझं नाव टंकलेखन यंत्रावर करून घेतलंय, म्हणजे सरकारी वाटेल.

बाबांना पोचवून आल्यावर गावच्या हॉलमध्ये तू सगळ्यांसमोर मला जे बोललीस, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "स्वतःच्या घरात माणसाला चोरून खावं लागलं, आई. तू बाबांना चोर केलंस." हातातला कप खाली ठेवलास आणि कोट घालून निघून गेलीस. राय पिठाच्या भातभरल्या पिराक्या तशाच राहिल्या. मला वाटलं, संतापली आहे, उद्या येईल. तू तशीच स्टेशनवर गेलीस.

आता ऐक. बाबा चोर नव्हते.

त्या सकाळी, अकरा फेब्रुवारीला, वजा अठरा थंडी होती, तरी मी बायकांचा गट घेऊन चालायला गेले होते. सहा जणी होतो. परत येताना माझ्याच अंगणाजवळ सिल्वी थांबली आणि म्हणाली, "तुझा म्हातारा बर्फात काय शोधतोय?" ते लाकडांच्या शेडपाशी गुडघ्यावर होते, पुढे वाकलेले. फावडं भिंतीला लावलेलं होतं, म्हणजे बर्फ ओढून झाला होता. आम्ही पोहोचेपर्यंत काही राहिलं नव्हतं. हातमोज्यात तो निळ्या झाकणाचा पत्र्याचा डबा होता, तू लहानपणी बटणं ठेवायचीस तोच.

सिल्वीने विचारलं, "त्यात काय आहे?"

मी म्हणाले, "लोणी."

एवढाच शब्द, एईला. बाकी पाचही जणींनी ऐकला. कोणीतरी म्हणालं, "बिचारा रेइनो," आणि एकजण रडता रडता हसली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की हिल्क्काचा नवरा लोण्याचा डबा हातात घेऊन गेला. तू आलीस तेव्हा ते आधीच लोकांच्या तोंडी होतं. तू मला विचारलंस, "खरं आहे का?" आणि मी मान डोलावली.

डब्यात लोणी नव्हतं. डुकराची चरबी होती, वितळवून, त्यात सूर्यफुलाचे दाणे घालून थिजवलेली. हिवाळ्यात ते पिवळ्या पोटाचे चिमुकले पक्षी येतात ना, त्यांच्यासाठी. तुझ्या बाबांनी ते काम कधी कोणाला सांगितलं नाही, त्यांना लाज वाटायची. मला कळल्यावर एकदाच म्हणाले, "घरात एकाला तरी चरबी मिळू दे."

मला ते तेव्हाच माहीत होतं. चार महिने आधीपासून माहीत होतं. कसं ते पुढे लिहीन, आज बसवत नाही.

पण एवढं तरी समजून घे. शेवटची चार वर्षं त्या माणसाने लोण्याला हात लावला नाही. सकाळी दलिया, दुपारी मासा आणि शलगम. मी सॅलडची पानं वाढली की म्हणायचे, "हे मी काल गाईपुढे टाकलं होतं," आणि खायचे. जेवताना कुरकुर केली, पण शेडमध्ये जाऊन कधी काही खाल्लं नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंचं ते दुसरं म्हणणं, रक्तातल्या दोषाचं, आपल्याला लागू होतं. तपासून घे. आन्निकालाही ने.

आई


हापावारा, १ डिसेंबर १९९६

एईला,

टंकलेखनाचाही उपयोग झाला नाही. सिल्वी म्हणाली, "आता तरी सांग, काय झालंय तुमचं?" मी म्हटलं, "तुझं टपालाचं काम बघ."

हे पत्रही परत येणार हे मला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण लिहायला घेतलं की पुढचं आठवतं, आणि न लिहिता ते नुसतं बसून राहतं छातीवर.

तुला ती स्पर्धा आठवत असेल. एक्क्याण्णवच्या शरद ऋतूतली, आपलं हापावारा विरुद्ध तळ्यापलीकडचं कुइक्कालंपी. कोणत्या गावाच्या रक्तातली चरबी दोन महिन्यांत जास्त उतरते. सप्टेंबरात एकदा हॉलवर सगळ्यांचं रक्त घ्यायचं, नोव्हेंबरात पुन्हा, आणि दुसऱ्या खेपेला जे येतील त्यांचा सरासरी आकडा पहिल्या सरासरीशी ताडायचा. मी आपल्या गावची पुढारीण. किती नाचले मी त्या दोन महिन्यांत. घरोघरी जाऊन बायकांच्या फ्रीजमध्ये डोकं घालायचे. कढईतलं तेल बदललं, सॉसेज बंद केले, उकळलेली कॉफी बंद करून कागदी गाळण्या वाटल्या. म्हातारा पिएतारी मला दारात बघून म्हणायचा, "आली बघा लोणीपोलीस." पण ऐकायचे. सिल्वीच्या नवऱ्याचा, पाओवोचा आकडा सात पूर्णांक नऊवरून सहाच्या खाली आला, पाचच्या आसपास असला की बरा. त्याने सिगारेटही सोडली. आज एकाहत्तर वर्षांचा आहे आणि बर्फावर स्की घालून मासे पकडायला जातो. हे खोटं नाही, एईला. मी सांगितलं ते खोटं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते जगलेत, बघायला ये.

आणि आपल्या घरी दिव्याखाली अंधार.

सप्टेंबरच्या तपासणीनंतर पंधरा दिवसांनी नर्स माइरेने प्रत्येकाच्या घरी चिठ्ठ्या धाडल्या. तुझ्या बाबांचा आकडा होता दहा पूर्णांक सहा. सगळ्या गावात सगळ्यात वर. खाली माइरेच्या हाताने लिहिलेलं, "लवकर डॉक्टरांना दाखवा." त्या दिवशी बाबा गोठ्यात होते. मी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि टेबलक्लॉथच्या खणात सरकवली.

पहिलं मनात आलं ते हेच की चोरून खातात. म्हणून मी शोधायला निघाले. शेड, सौनाची वाफखोली, गोठा, त्यांच्या कोटाचे खिसे. शेडच्या फळीवर तो डबा सापडला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. झाकण काढलं, हुंगलं, बोटाने चाटून पाहिलं. दाणे दाताखाली आले. नवरा चोर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, कारण मग माझा दलिया खरा ठरला असता.

माइरेने एकदा वाटेत विचारलं, "रेइनोला दाखवलंस ना?" मी म्हणाले, "दाखवलं." ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून गेली. पुढारीणबाई खोटं कशाला बोलेल?

मी ठरवलं, दोन महिन्यांत मीच उतरवते. मीठ बंद केलं, दूध पाण्यासारखं केलं. त्यांना फक्त म्हटलं, "तुझा आकडा थोडा चढा आहे." ते म्हणाले, "किती?" मी म्हटलं, "थोडा." सरोवरावरून पाण्याच्या बादल्या आणताना मध्येच थांबायचे. तोंडाने म्हणायचे, बूट घसरतात.

पुढचं उद्या लिहिते.

*

उद्या म्हटलं होतं, पण आज तिसरा दिवस.

नोव्हेंबरच्या तपासणीच्या सकाळी ते दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून टेबलाशी बसले होते. मी म्हणाले, "आज आरागिरणीवर जा. पाती धार लावून ठेवलीत म्हणे."

"आज? आज हॉलवर सुई आहे ना?"

"तुझी एकदा झाली आहे. सगळ्यांनी दोन्ही वेळा यायलाच पाहिजे असं काही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा आकडा आडवा येतोय होय?"

मी म्हणाले, "वेड्यासारखं बोलू नकोस."

"बरं," म्हणाले. शर्ट बदलून कामाचा घातला आणि गेले. चाळीस किलोमीटर, त्या पात्यांसाठी, ज्यांची घाई कोणालाच नव्हती.

आपण जिंकलो. थोडक्यात जिंकलो, ते आले असते तर हरलो असतो, मी नंतर हिशेब करून पाहिला. बक्षीस म्हणून गावाला पन्नास कपांचं कॉफीचं यंत्र मिळालं, कागदी गाळणीवालं, त्याच्यावर पितळेची पाटी. संध्याकाळी मला मंचावर बोलावलं. बाबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. घरी येताना म्हणाले, "छान बोललीस." एवढंच.

तीन महिन्यांनी त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला त्याच यंत्रातून कप भरले. तू हातातला खाली ठेवलास तोही.

आई


हापावारा, २२ डिसेंबर १९९६

एईला,

नाताळचं पार्सलही परत आलं. आन्निकासाठी विणलेले मोजे होते, लाल काठाचे. ते मी कपाटात ठेवलेत. तिच्या पायाचं माप मला माहीत नाही, अंदाजाने विणले.

परवा मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. चिठ्ठी पाच वर्षं टेबलक्लॉथच्या खणात होती, ती घेऊन गेले. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते काही चोरून खात नव्हते. चार वर्षं दलियावर होते आणि तरी हा आकडा आहे."

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे तेव्हा कळलं असतं तर गोळी मिळाली असती." मी म्हटलं, "वाचले असते?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही, कोणालाच येणार नाही. पण मुलीचं सांगता येईल. तिला कळवलंत?"

"ती पत्रं उघडत नाही."

"मग दुसरा मार्ग काढा. परदेशातल्या माणसाला मी बोलावून घेऊ शकत नाही, घरच्यांनीच सांगायचं असतं. आणि हिल्क्काबाई, वेळ घालवू नका. ओन्नी किती वर्षांचा होता म्हणालात?"

एकोणचाळीस. तू एकेचाळीस. मी बसमध्ये येताना तेवढंच मोजत होते.

मला माझीच चीड येते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून सांगत आले की लाजू नका, आकडा लपवू नका, जो दाखवतो तो जगतो. माझ्याच तोंडची वाक्यं. आणि ज्याच्याशी अडतीस वर्षं एका ताटात, एका सौनात बसले, त्याचाच लपवला. तुझ्या बाबांना मी मारलं असं तुझ्या मनात असेल. म्हणत असशील तर मी वाद घालणार नाही. मला त्यांची फार आठवण येते. दलियाचं पातेलं अजून दोघांचंच आहे, लहान घ्यायला हात होत नाही, आणि उरलेला दलिया मी दुसऱ्या दिवशी खाते.

हे पत्र मी टाकणार नाही. पाकिटात घातलं की तू ते पाकीटच बघणार. दुसरा मार्ग काढायला हवा, आणि मला तो माहीत आहे. पंधरा दिवस झाले माहीत आहे. अंगात धीर येत नाहीये इतकंच.

आई


पोस्टकार्ड, पुढे सरोवराचं चित्र. हापावारा, ८ जानेवारी १९९७

एईला, बाबा चोरून काही खात नव्हते. डब्यात पक्ष्यांची चरबी होती, मी लोणी म्हणाले ते खोटं होतं. त्यांचा आकडा १०.६ होता. चिठ्ठी मी लपवली. स्पर्धेच्या दिवशी मीच त्यांना आरागिरणीवर धाडलं, आपलं गाव जिंकावं म्हणून. हा दोष रक्तातून येतो, आजोबा ४४, ओन्नी ३९. तू आणि आन्निका, दोघी तपासून घ्या. नुसतं खाऊन-चालून उतरत नाही, गोळी आहे. घे. आई.

सिल्वी, वाचून झालं असेल तर शिक्का मार.


हापावारा, १९ जानेवारी १९९७

एईला,

हेही टाकणार नाही. पण कार्डाचं काय झालं ते तुला कधीतरी कळलं पाहिजे, म्हणून बाकीच्या पत्रांबरोबर ठेवते.

कार्डाला पाकीट नसतं. ते परत करायचं म्हटलं तरी आधी नजर पडतेच. तुझ्या डोळ्यांपर्यंत पोहोचायचं तर आधी सिल्वीच्या डोळ्यांखालून जायला हवं होतं, दुसरी वाट नव्हती. मी ते लिहिलेली बाजू वर करून खिडकीत ठेवलं. दुकानात आणखी दोघी होत्या. सिल्वीने चष्मा लावला, वाचलं आणि शेवटच्या ओळीवर आली तेव्हा तिचे कान लाल झाले.

"पाच वर्षं मी त्या डब्यावरून हसतेय, हिल्क्का," ती म्हणाली.

"हो."

"नाताळला त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावताना मी म्हणते, घे रे लोणीचोरा. दर वर्षी. तू शेजारी उभी असतेस."

"हो, असते."

"आणि एक शब्द बोलली नाहीस."

तिने शिक्का उचलला, पण मारला नाही. हळू आवाजात म्हणाली, "पाओवो आज आहे तो तुझ्यामुळे. ते मी विसरणार नाही. पण तोंड बघवत नाही आज तुझं." मग शिक्का मारला आणि म्हणाली, "दुपारच्या गाडीने जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात चालायला कोणी आलं नाही. मी एकटीच पाच किलोमीटर चालून आले. तिसऱ्या दिवशीही. हॉलमध्ये गेले तर यंत्रावरची पितळेची पाटी काढलेली होती, चार स्क्रूंची भोकं तेवढी होती. कोणी काढली ते मी विचारलं नाही. पिएतारी दारातून ओरडला नाही, आत गेला. लोणीपोलीस म्हणाला असता तरी चाललं असतं.

काल सिल्वी आली. माझ्या दहा पावलं मागून चालत राहिली, पूर्ण पाच किलोमीटर. वळणावर मी थांबले तशी तीही थांबली.

कार्ड अजून परत आलेलं नाही.

आई


पोस्टकार्ड, चित्र नाही. हापावारा, ९ मार्च १९९७

एईला,

तुझं पाकीट मिळालं. आत प्रयोगशाळेचा कागद, दोन नावं, दोन आकडे. तुझा ९.४. आन्निकाचा ४.५. आन्निकाचा मी तीनदा वाचला. तुझाही वाचला. गोळी सुरू केली असशील, एकही चुकवू नकोस. बाकी काही सांगत नाही.

कागदाच्या मागे पेन्सिलीने तू विचारलंयस, पक्ष्यांना आता कोण घालतं.

कोणी नाही. पाच हिवाळे कोणी घातलं नाही. डबा मी बाबा गेले त्याच दिवशी घासून उंच फळीवर ठेवला होता. काल काढला. दुकानात चरबी मागितली तेव्हा सिल्वी म्हणाली, "कशाला?" मी सांगितलं. तिने दाणे आपणहून घातले. वितळवून, थिजवून शेडच्या दाराला टांगलंय. सकाळपासून खिडकीत बसलेय, अजून एकही आलेला नाही. त्यांना माहीत नसेल. मी रोज घालेन.

आई